वस्तू आणि हात : संग्रहालयाच्या समीक्षेसंबंधी काही विचार

१

मराठीत ग्रंथसमीक्षेची परंपरा जुनी आहे. नाटक, चित्रपट, संगीत आणि चित्रकला यांच्या समीक्षेलाही आपण जागा करून दिली. वस्तुसंग्रहालयाची समीक्षा मात्र आपल्याकडे क्वचितच लिहिली जाते. संग्रहालय आपल्या वाङ्मयात येते ते प्रवासवर्णनाच्या वाटेने, आणि तेही बहुधा 'प्रेक्षणीय स्थळ' म्हणून. दालने किती, वस्तू किती, त्यांतल्या दुर्मीळ कोणत्या, हे सांगून लेखक पुढच्या मुक्कामाला निघतो. शाळेच्या सहलीत मुले वहीत जी टिपणे घेतात, त्यांहून हे फार वेगळे नसते.

वास्तविक संग्रहालय हीही एक संहिता आहे. काय घ्यायचे आणि काय वगळायचे, कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी मांडायची, तिच्याखालच्या चिठ्ठीत काय लिहायचे आणि कशाविषयी गप्प राहायचे, हे सर्व कोणीतरी ठरवलेले असते. निवेदक, निवेदन आणि मौन या तिन्ही गोष्टी तिथे असतात. कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो, ते संग्रहालयालाही विचारता येतील. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकच प्रश्न घेतला आहे : वस्तू जपली जाते तेव्हा ती घडवणारा आणि वापरणारा हात तिथे शिल्लक राहतो काय?

त्यासाठी आपल्या परिसरातील वाचकांनी पाहिलेली किंवा सहज पाहता येतील अशी काही संग्रहालये विचारात घेतली आहेत आणि तुलनेसाठी जपानमधील ओसाका हे महानगर निवडले आहे. ओसाका हे मुळात व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे शहर. भूतकाळ सजवून दाखवणारे आणि भूतकाळाविषयी पाहणाऱ्याला अस्वस्थ करणारे, अशी दोन्ही प्रकारची संग्रहालये तिथे उभी राहिली, आणि त्यांच्या वाट्याला आलेले भवितव्य सारखे नव्हते. शिवाय त्या शहरातील एका सामाजिक प्रश्नाचे आपल्याकडील प्रश्नाशी निकटचे नाते आहे.

२

सुरुवात पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयापासून करणे सोयीचे होईल. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास संग्रहाला आरंभ केला. कोणत्याही संस्थानाचे पाठबळ नसताना, घरचा चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून, गावोगाव हिंडून त्यांनी हे काम केले, आणि त्यात त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचा मोठा वाटा होता. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. पुढे हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यातील वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात सांगितली जाते आणि तिचा लहानसा भागच एका वेळी मांडलेला असतो.

केळकरांच्या निवडीत एक दृष्टी आहे. राजेरजवाड्यांची तख्ते आणि तलवारी हे संग्रहाचे विषय ठरत होते, त्या काळात त्यांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुलपे, दौती, फण्या आणि स्वयंपाकघरातील भांडी गोळा केली. घरात रोज हाताखाली येणाऱ्या आणि जुन्या झाल्या की मोडीत जाणाऱ्या या वस्तू कलेच्या योग्यतेच्या आहेत, हे त्यांनी ओळखले.

जपानमध्ये याच सुमारास यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) हे विचारवंत असेच काही करत होते. निनावी कारागिरांनी रोजच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तूंना त्यांनी 'मिंगेई', म्हणजे लोककारागिरी, हे नाव दिले आणि १९३६ मध्ये टोकियोत तिचे संग्रहालय उभारले. अनामिक कारागीर हा यानागींच्या सौंदर्यविचाराचा केंद्रबिंदू आहे. केळकर हे कवीही होते आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, हा योगायोग या संदर्भात लक्षात राहण्यासारखा आहे. आपले नाव झाकून लिहिणारा कवी आयुष्यभर ज्यांचे नाव कोणीच लिहून ठेवले नाही अशांच्या वस्तू जमवत राहिला.

मात्र या दोन्ही थोर संग्राहकांच्या भूमिकेत एक अडचण आहे. कारागीर अनामिक आहे, हे सौंदर्याचे लक्षण मानले की तो अनामिक का राहिला हा प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही. अडकित्त्याच्या दांड्यावरचा मोर पाहून आपण हरखतो. तो ओतणाऱ्याला मजुरी काय मिळाली आणि त्याच्या घरात असा अडकित्ता होता काय, हे आपल्या मनातही येत नाही. काचेच्या कपाटाने वस्तूचे आयुष्य वाढते, पण ती जिथून आली त्या घराशी आणि भट्टीशी असलेला तिचा संबंध तुटतो. हा दोष केळकरांना लावणे अन्यायाचे होईल. त्यांनी ती वस्तू वाचवली नसती तर हा प्रश्न विचारायलाही काही उरले नसते. पण त्यांनी वाचवलेल्या वस्तूंचे वाचन पुढे नेणे ही नंतरच्या पिढ्यांची जबाबदारी होती, आणि ती आपण फारशी पार पाडलेली नाही.

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात याची दुसरी बाजू दिसते. १९४० च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेल्या वस्तू तिथे आहेत. त्यांतली ग्रीक समुद्रदेवता पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पंचगंगेच्या काठापर्यंत रोमन जगाचा व्यापार पोहोचला होता, ही गोष्ट त्या वीतभर मूर्तीने सांगितली. तेथून काही अंतरावर असलेल्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात मात्र शस्त्रे आणि पेंढा भरलेली जनावरे यांच्यापुढे अधिक गर्दी होते. लहान वस्तूची मोठी गोष्ट ऐकण्यासाठी पाहणाऱ्याला तयार करावे लागते. ते काम वस्तू आपणहून करत नाही.

३

आपल्याकडचा माणूस पाहुण्याला घेऊन हौसेने जातो ते मात्र कणेरीला. संकेश्वराहून महामार्गाने कोल्हापूरकडे निघाले की तासाभरात मठाचा फाटा येतो. सिद्धगिरी मठाने या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे ग्रामजीवन संग्रहालय उभे केले. सिमेंटचे शेकडो पुतळे, माणसाच्या आणि जनावरांच्या मूळ आकाराचे. मोट चालली आहे, कुंभार चाकावर बसला आहे, लोहार भाता ओढतो आहे, न्हावी हजामत करतो आहे, बाया जात्यावर बसल्या आहेत. बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार यांचे स्वयंपूर्ण गाव, ही त्याची मध्यवर्ती कल्पना.

या संग्रहालयाची गुणवत्ता नाकारण्याचे कारण नाही. सुशिक्षितांनी त्याला 'जत्रेतला देखावा' म्हणून नाक मुरडावे, हेही मला मान्य नाही. येथे काच नाही आणि चिठ्ठी वाचण्याची सक्ती नाही. अक्षरओळख नसलेली वृद्ध स्त्री इथे नातवाला मोट समजावून सांगते, आणि त्या घटकेला तीच त्या संग्रहालयाची खरी मार्गदर्शक असते. पुतळ्यांची घडणही पुष्कळ ठिकाणी निरीक्षणातून आलेली आहे. बसण्याची लकब, पागोट्याचा पीळ, ओझ्याने वाकलेली मान या गोष्टी घडवणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत, हे जाणवते. केळकर संग्रहालयात वस्तू आहे आणि हात नाही. इथे निदान हाताची आकृती तरी आहे.

तरीही, किंबहुना म्हणूनच, या संग्रहालयाला कठोर प्रश्न विचारले पाहिजेत. या गावात सर्वजण आपापले काम समाधानाने करत आहेत. चांभार चामडे कमावतो आहे, पण त्याचे घर गावाच्या कोणत्या अंगाला होते आणि का होते, हे त्या मांडणीतून कळत नाही. सुगीला बलुते मागायला खळ्यावर गेलेल्या माणसाने किती वेळ आणि कुठे उभे राहायचे, पाणवठ्यावर कोणी कोणानंतर घागर भरायची, याचा पुतळा नाही. दुष्काळ नाही, सावकार नाही, भांडण नाही. बलुतेदारी ही श्रमांची वाटणी होती, त्याचबरोबर ती माणसांची उतरंडही होती. पहिला अर्धा भाग सिमेंटमध्ये घडवला आणि दुसरा अर्धा वगळला, तर जे उरते ते गावाचे चित्र नसते. गावाविषयीच्या एका इच्छेचे चित्र असते.

ज्या भागात हे उभे आहे त्याचा इतिहास लक्षात घेतला तर हे वगळणे अधिक खुपते. १९०२ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर निपाणीला बहिष्कृतांच्या परिषदेसाठी आले. स्वयंपूर्ण गावातील सर्वजण सुखी असते तर या दोन्ही गोष्टींची गरज पडली नसती.

४

आता ओसाकाकडे वळू. त्या शहराचे सर्वांत प्रसिद्ध आकर्षण म्हणजे तिथला किल्ला. मूळ किल्ला हिदेयोशीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधला. तो १६१५ च्या युद्धात नष्ट झाला. तोकुगावांनी तो पुन्हा बांधला. त्याचा मुख्य बुरूज १६६५ मध्ये वीज पडून जळाला. आज पर्यटक जो भव्य बुरूज पाहतात तो १९३१ मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून काँक्रीटमध्ये उभा राहिलेला आहे आणि आत संग्रहालय आहे. म्हणजे सिमेंटमध्ये भूतकाळ घडवण्याची हौस ही काही केवळ आपलीच नाही.

त्याच शहरात २००१ मध्ये निवास आणि राहणीमान यांचे संग्रहालय सुरू झाले. एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर १८३० च्या दशकातील ओसाकाची एक पेठ तिथे पूर्ण आकारात बांधली आहे. दुकाने, गल्ल्या आणि भाडेकरूंच्या अरुंद खोल्या तिथे आहेत. दिव्यांच्या योजनेने तिथे सकाळ होते आणि रात्रही होते. कणेरीशी त्याची तुलना सहज सुचते. मुख्य फरक असा की तिथली घरे पुतळ्यांनी भरलेली नाहीत. पाहणारा स्वतःच त्या रस्त्यातला माणूस होतो. रिकाम्या घरामुळे कल्पनेला वाव मिळतो; पण त्या घरात कोण राहू शकत होते आणि कोणाला तिथे राहण्याची मुभा नव्हती, हे रिकामे घरही सांगत नाही.

ते सांगणारे संग्रहालय ओसाकात दुसरीकडे होते. जपानमध्ये कातडी कमावणे, मेलेली जनावरे वाहून नेणे अशी कामे करणाऱ्यांना शतकानुशतके अपवित्र मानले गेले. १८७१ च्या राजाज्ञेने कायद्यातला भेद संपला, पण ज्या वस्त्यांत ते राहत त्यांचे नाव त्यांना चिकटून राहिले. 'बुराकु' म्हणजे खरे तर नुसती वस्ती. त्या शब्दालाच डाग लागला. लग्न ठरवताना आणि नोकरी देताना पत्ता पाहून माणूस पारखला जाऊ लागला. ओसाकाचा नानिवा हा विभाग कातड्याच्या आणि ढोल बनवण्याच्या धंद्याचा. तिथे एका जुन्या प्राथमिक शाळेच्या जागेवर १९८५ मध्ये या समाजाच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. १९९५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ते ओसाका मानवी हक्क संग्रहालय झाले. जपानमधील कोरियन, आयनू आणि ओकिनावाचे लोक, स्त्रिया, अपंग, कुष्ठरोगी या सर्वांच्या कहाण्या तिथे आल्या.

उत्सवात देवळापुढे ढोल वाजतो, त्याच्या नादाने सर्वांचे मन भरून येते, आणि तो ज्याने मढवला त्याच्याशी मात्र सोयरिक नको असते, ही विसंगती आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. हलगी, संबळ आणि मृदंग यांची कातडी कोणी कमावली हे आपणही भजनाच्या वेळी विचारत नाही. त्या संग्रहालयात ढोल आणि तो मढवणारा यांची गोष्ट एकत्र सांगितली जात होती. वस्तू आणि हात यांची फारकत न करता मांडणी करता येते, याचा तो पुरावा होता.

त्याचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. २०१२ मध्ये शहराच्या आणि प्रांताच्या प्रमुखांनी असा आक्षेप घेतला, की इथे भेदभावावरच भर आहे आणि मुलांना स्वप्ने व आशा मिळतील असे इथे काही नाही. २०१३ मध्ये अनुदान थांबले. २०१५ मध्ये महानगरपालिकेने जागा रिकामी करून मिळावी म्हणून दावा लावला. अखेर २०२० मध्ये त्या वास्तूतील संग्रहालय बंद झाले. किल्ला उभा आहे, कृत्रिम पेठेतही लोक हौसेने हिंडतात. बंद पडले ते अस्वस्थ करणारे.

'मुलांना आशा मिळत नाही' हा आक्षेप आपण हसून सोडून देऊ नये, कारण आपल्याकडील बहुतेक संग्रहालये त्याच कसोटीवर उभी आहेत. अभिमान वाटावा, मन प्रसन्न व्हावे, जुन्या काळाविषयी हळहळ वाटावी, एवढेच आपण संग्रहालयाकडून मागतो. साहित्याच्या बाबतीत ही मागणी आपण केव्हाच सोडून दिली. दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला अस्वस्थ केले आणि त्यामुळे मराठी साहित्य समृद्ध झाले, हे आज कोणी नाकारत नाही. मग संग्रहालयाला वेगळा न्याय का?

५

आता आपल्या दाराशी काय आहे ते पाहू. कित्तूरला किल्ल्याचे अवशेष आणि संग्रहालय आहे. राणी चन्नम्मांच्या १८२४ च्या लढ्याची स्मृती तिथे जपली जाते. युद्ध, राणी, किल्ला ही स्मृतीची ओळखीची रूपे आहेत. पण संकेश्वर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी या भागाने जे श्रम केले त्यांची स्मृती कुठे आहे? संकेश्वरी मिरची दूरच्या बाजारात नावाने ओळखली जाते. ती खुडणाऱ्या आणि निवडणाऱ्या बाईच्या हाताची आग कशी असते, हे बाजाराला ठाऊक नाही. निपाणीच्या तंबाखूवर वखारी उभ्या राहिल्या, शहर वाढले. १९८१ च्या वसंतात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर ठिय्या दिला. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी प्राणास मुकले. त्याच काळात वखारीतल्या आणि विडी वळणाऱ्या स्त्रियाही संघटित होत होत्या. त्यांच्या तोंडावर बांधलेले फडके, त्यांची चाळणी, विडीची पाने कापायची कातर, यांपैकी काहीही कोणत्या कपाटात आहे असे माझ्या पाहण्यात नाही.

त्यांच्या श्रमांचे जतन झाले ते दोन ठिकाणी. दीपा धनराज आदींच्या 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांबरोबर एक लघुपट केला. त्यात त्या स्त्रिया आपल्या बोलीत धूळ, मजुरी, अपमान आणि संघटना यांविषयी बोलतात. या गटाच्या चित्रफितींच्या जतनाचे काम बर्लिनमधील आर्सेनल या संस्थेने केले. निपाणीच्या बायांचा आवाज बर्लिनने सांभाळावा, याबद्दल त्या संस्थेचे आभारच मानले पाहिजेत. पण आपल्याला त्यात संकोच वाटण्यासारखेही काही आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे महादेव मोरे यांचे साहित्य. निपाणीत पिठाची गिरणी चालवत ते अखेरपर्यंत लिहीत राहिले आणि २०२४ मध्ये गेले. मोटारी दुरुस्त करणारे, ट्रकवरचे चालक, तंबाखूच्या वखारीतल्या बाया, बाजारबसव्या अशी माणसे त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतून येतात. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'एकोणिसावी जात' असे आहे. बारा बलुती आणि अठरा अलुती मोजून झाल्यावर जो हिशेबात बसत नाही, त्याच्याकडे हे नाव बोट दाखवते. कणेरीच्या गावात त्याला जागा नाही. महामार्गाने, गिरणीने आणि वखारीने घडवलेला हा माणूस 'पारंपरिक' नसल्यामुळे संग्रहालयात बसत नाही, आणि 'ऐतिहासिक' नसल्यामुळे शासनाच्या यादीतही येत नाही. मोऱ्यांनी वस्तूंची आणि कामांची नावे, शिव्या, लकबी जशाच्या तशा नोंदवल्या. त्यांचे लेखन हे निपाणीचे न उभारलेले संग्रहालय आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

६

चपलेच्या उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. जिला जग 'कोल्हापुरी' म्हणते ती चप्पल अथणी, निपाणी आणि चिकोडीच्या बाजूलाही पिढ्यान्‌पिढ्या घडते. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. तळवे शिवणे आणि वेण्या घालणे यांत घरातल्या बायांचा हात असतो. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यांत बेळगावही आहे. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या आणि तिचे मूळ सांगितले नाही, तेव्हा देशभर संताप झाला. तो योग्यच होता. पण आपण तरी तिचे मूळ कुठे सांगितले आहे? मिलानच्या मंचावरून कारागिराचे नाव गाळले गेले म्हणून आपण रागावलो. आपल्या चिठ्ठ्यांवर ते कधी लिहिलेलेच नव्हते.

या भागात संग्रहालय उभारायचे म्हटले की पहिला वाद पाट्यांच्या भाषेचा होईल, हे सर्वांना ठाऊक आहे. १९५६ पासून आपण त्या वादात जगतो आहोत. मराठीच्या हक्काची मागणी न्याय्य आहे, असे मी मानतो. परंतु वस्तूंना विचारले तर त्यांची साक्ष थोडी वेगळी पडते. केळकर संग्रहालयातील ज्या अडकित्त्यांपुढे आपण थांबतो, त्यांचे मराठी नाव कन्नडमधून आले आहे. कन्नडमध्ये 'अडके' म्हणजे सुपारी आणि 'अडकत्तरी' म्हणजे ती कातरण्याचे साधन. पुण्याच्या कपाटात या भाषासंबंधाची एक खूण ठेवलेली आहे, आणि तिच्याकडे लक्ष वेधण्याचे काम आपल्याखेरीज दुसरे कोण करणार? आपल्याकडच्या चपलेच्या, चाळणीच्या आणि मिरची कांडण्याच्या साधनांच्या चिठ्ठीवर दोन्ही भाषांतली नावे आली तर ती कोणाला दिलेली सवलत ठरणार नाही. ती वस्तूच्या इतिहासाची अचूक नोंद ठरेल.

अशा संग्रहालयासाठी मोठी इमारत हवीच असे नाही. एखाद्या वाचनालयाची एक खोली पुरेल. त्यात वस्तू थोड्या असाव्यात. मात्र प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर ती कोणी वापरली, कोणत्या वर्षापर्यंत वापरली, दिवसाला मजुरी काय होती आणि ती देणाऱ्याच्या घरातून तिला काय म्हणत, एवढे तरी लिहिलेले असावे. वखारीत आयुष्य घालवलेल्या बाया आता थकल्या आहेत. त्यांची चाळणी आपल्याला पुढेही कुठल्यातरी माळ्यावर सापडेल. ती कशी धरायची हे सांगणारी बाई मात्र तेव्हा नसेल, आणि नुसती चाळणी आणून ठेवून आपण आणखी एक अनामिक वस्तू कपाटात घातलेली असेल.